न पाहिलेला कागद: बॉबी ऑरच्या कारकिर्दीचं प्रकरण

१९८० साली बॉबी ऑरच्या पैशाअडक्याचा हिशेब मांडला गेला, तेव्हा मालमत्तेच्या बाजूला ४ लाख ५६ हजार ६०४ डॉलर निघाले आणि देण्याच्या बाजूला ४ लाख ६९ हजार ५०७. देण्यांत कर होते आणि वकील-हिशेबनिसांची बिलं होती. ऑर तेव्हा ३२ वर्षांचा होता. बर्फावरच्या हॉकीतला आजवरचा सर्वोत्तम बचावपटू म्हणून त्याच्याकडे तेव्हाही बोट दाखवलं जायचं आणि आजही दाखवलं जातं. नॅशनल हॉकी लीगमध्ये (एनएचएल) दहा लाख डॉलरचा करार करणारा पहिला खेळाडू तोच, आणि हा करार होऊन जेमतेम नऊ वर्षं झाली होती.

हे पैसे गेले कुठे, याचं उत्तर उधळपट्टीत सापडत नाही. ऑर जुगारी नव्हता, व्यसनी नव्हता, चैनखोर म्हणूनही त्याची ख्याती नव्हती. त्याची कारकीर्द दोन गोष्टींनी ठरवली: डावा गुडघा आणि ॲलन ईगलसन नावाचा वकील. गुडघ्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, कारण ती मैदानावर सगळ्यांसमोर घडली. वकिलाची गोष्ट कागदांत घडली आणि ती बाहेर यायला १५ वर्षं लागली. व्यावसायिक खेळाडूच्या आयुष्यात आपल्याला सामने दिसतात, कागद दिसत नाहीत. म्हणून या लेखात मी जास्त वेळ कागदांवर घालवणार आहे.

आधी खेळाबद्दल थोडं, कारण आपल्याकडे बर्फावरची हॉकी म्हटलं की लडाखच्या बातम्यांपलीकडे फारसं काही डोळ्यांसमोर येत नाही. उत्तर अमेरिकेतलं रिंगण २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असतं, भोवती लाकडी किंवा प्लास्टिकच्या फळ्यांची भिंत. चेंडूऐवजी साधारण १७० ग्रॅम वजनाची, एक इंच जाडीची कडक रबरी चकती असते. तिला पक म्हणतात. एका बाजूला पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. पाऊण-एक मिनिट जीव तोडून पळायचं, मग बाकावर यायचं आणि दुसऱ्यांनी उतरायचं. अंगावर जाऊन धडक देणं नियमात बसतं. ऑर यायच्या आधी बचावपटूचं काम ठरलेलं होतं: आपल्या गोलासमोर उभं राहायचं, समोरच्याला आडवायचं, पक हाती लागला की पुढच्याकडे सोपवायचा. ऑर तो पक स्वतःच घेऊन निघायचा. मागच्या जाळीपासून पुढच्या जाळीपर्यंत, वाटेत दोघातिघांना चुकवत. आणि तिथे पक गेला, तर प्रतिस्पर्धी इकडे पोहोचायच्या आत तो परत आपल्या जागी हजर असायचा. हे सगळं तो बुटात मोजे न घालता करायचा. अनवाणी पाय थेट स्केटच्या चामड्यात.

पॅरी साउंडचं घर

ऑरचा जन्म २० मार्च १९४८ चा, कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या पॅरी साउंड या जॉर्जियन बेच्या काठच्या लहान गावातला. वडील डग स्फोटकांच्या कारखान्यात कामाला. तरुणपणी तेही चांगले हॉकीपटू होते, पण दुसऱ्या महायुद्धात नौदलात गेले. आई आर्व्हा हॉटेलात काम करायच्या. पाच मुलांमधला बॉबी तिसरा.

१९६१ मध्ये गॅनानोक्वी गावात एका स्पर्धेत बॉस्टन ब्रुइन्स या एनएचएलच्या क्लबच्या माणसांनी त्याला पाहिलं. ते आले होते दुसऱ्याच मुलांना बघायला. हा बारा वर्षांचा, अंगाने किरकोळ. त्या काळी खेळाडूंची वार्षिक निवड आजच्यासारखी सर्रास नव्हती. क्लब पोरवयातच मुलाला गाठायचे आणि एका अर्जावर सही घ्यायचे. त्या एका सहीने मुलाच्या व्यावसायिक खेळाचे हक्क त्या क्लबकडे जायचे. पुढे त्याला दुसऱ्या कुठल्या संघाशी बोलायचीही मुभा उरायची नाही. बॉबीच्या बाबतीत हे १९६२ मध्ये झालं, तो चौदाचा असताना. मोबदला म्हणून १० हजार डॉलर, एक गाडी, आणि घराला बाहेरून नवा गिलावा.

या गिलाव्यापाशी मी नेहमी थांबतो. एका कामगार कुटुंबाला समोरच्या माणसाकडून काय मागावं हेच ठाऊक नसतं, तेव्हा ते डोळ्यांसमोर जे दिसतं ते मागतं. भिंतीला पोपडे आले आहेत, ते बुजवून द्या. त्या सहीची खरी किंमत किती, हे त्या स्वयंपाकघरात कुणालाच सांगता आलं नसतं, आणि ज्याला सांगता आलं असतं तो टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसला होता. आर्व्हांनी मात्र एक अट लावून धरली: इतक्या लहान वयात मुलगा घर सोडणार नाही. म्हणून पहिल्या मोसमात बॉबी सरावाला न जाता फक्त सामन्यांना ओशावाला, ब्रुइन्सच्या कनिष्ठ संघाकडे, जायचा. गाडीने तीन तास जाणं आणि तीन तास परत येणं.

डग यांना आपण फसलो आहोत की काय, अशी रुखरुख लागून राहिली असावी. १९६४ मध्ये मॅकटिअर गावात सॉफ्टबॉलच्या एका कार्यक्रमात त्यांची गाठ ॲलन ईगलसनशी पडली. टोरंटोचा तरुण वकील, प्रांताच्या विधिमंडळाचा सदस्य, बोलण्यात तरबेज. माझ्या मुलाचं बघाल का, असं वडिलांनी विचारलं. ईगलसन हो म्हणाला.

बोटीवरची सही

१९६६ मध्ये ऑर अठराचा झाला. ब्रुइन्सचे सरव्यवस्थापक हॅप एम्स जुन्या वळणाचे होते. खेळाडूने वकील घेऊन यावं, ही कल्पनाच त्यांना मानवत नव्हती. नवख्या खेळाडूला तेव्हा वर्षाला फार तर ८ हजार डॉलर मिळायचे, आणि एम्स यांचा देकारही त्याच घरातला होता. ईगलसनने तो धुडकावला. मुलगा बॉस्टनला येणारच नाही, कॅनडाच्या राष्ट्रीय हौशी संघाकडून खेळेल, असं त्याने सुनावलं. ब्रुइन्स तेव्हा लीगच्या तळाच्या संघांत होते आणि या एका पोराच्या नावावर त्यांनी बॉस्टनकरांना वर्षानुवर्षं थोपवून धरलं होतं. शेवटी एम्स नमले. सप्टेंबरमध्ये त्यांच्या स्वतःच्या बोटीवर सह्या झाल्या. दोन वर्षांचा करार, आणि वर्षाला २५ हजार डॉलर असं तेव्हा छापून आलं.

या प्रकरणाचा अभ्यास करणारे बरेचजण ईगलसनला पहिल्या दिवसापासून खलनायक ठरवून टाकतात. मला ते पटत नाही, आणि त्याने प्रकरण समजायलाही मदत होत नाही. १९६६ मध्ये ईगलसनने ऑरचं खरोखर भलं केलं. त्याच हिवाळ्यात स्प्रिंगफील्ड इंडियन्स या दुय्यम लीगच्या संघातल्या खेळाडूंनी मालक एडी शोअरच्या जाचाविरुद्ध बंड केलं, तेव्हा त्यांच्या बाजूनेही तोच उभा राहिला आणि शोअरला माघार घ्यावी लागली. खेळाडूंना पहिल्यांदाच कुणीतरी आपला माणूस भेटला होता. जून १९६७ मध्ये एनएचएलच्या खेळाडूंची संघटना उभी राहिली आणि तिची सूत्रं ईगलसनच्या हाती आली. ती त्याने १९९१ पर्यंत सोडली नाहीत.

म्हणजे विश्वास आंधळा नव्हता. तो अनुभवातून आला होता. ज्या माणसाने एकदा तिप्पट पैसे मिळवून दिले, त्याचा पुढचा कागद कोण तपासून बघतो? ऑर त्याला थोरल्या भावाच्या जागी मानायचा. करार, बँक, गुंतवणूक, कर, सगळं त्याच्या हवाली. अठरा वर्षांच्या मुलाने हे करावं यात नवल नाही. अठ्ठाविसाव्या वर्षीही तेच चालू होतं, आणि गोम तिथेच आहे.

दहा वर्षांचा खेळ

ऑर यायच्या आधी सलग सात मोसम ब्रुइन्सना बाद फेरी दिसली नव्हती. त्याच्या पहिल्या वर्षीही दिसली नाही, पण सर्वोत्तम नवख्या खेळाडूची काल्डर ट्रॉफी त्याला मिळाली. त्यानंतर १९६८ ते १९७५ अशी ओळीने आठ वर्षं सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी. १९७० ते १९७२ अशी तीन वर्षं लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू. १९७० मध्ये १२० गुणांसह (खेळाडूचे गुण म्हणजे त्याने केलेले गोल आणि इतरांच्या गोलांना दिलेले पास मिळून) तो गुणतक्त्यात पहिला आला. बचावपटूने हे करणं म्हणजे यष्टिरक्षकाने मालिकेत सर्वाधिक बळीही घेण्यासारखं होतं. १९७५ मध्ये ४६ गोल आणि १३५ गुण करून त्याने ते पुन्हा केलं. त्याच्या आधी आणि त्याच्यानंतर कुठल्याही बचावपटूला हे जमलेलं नाही. १९७०-७१ च्या मोसमात तो बर्फावर असताना बॉस्टनने केलेले आणि खाल्लेले गोल यांतला फरक अधिक १२४ होता. हा विक्रम आजही कायम आहे.

१० मे १९७० चा तो गोल जवळून बघण्यासारखा आहे. रविवारची दुपार, बॉस्टन गार्डन या ब्रुइन्सच्या बंदिस्त मैदानात उकाडा, सेंट लुईस ब्लूजविरुद्ध अंतिम मालिकेतला चौथा सामना, ३-३ अशी बरोबरी आणि जादा वेळ सुरू. समोरच्याने पक आपल्या भागातून बाहेर काढायचा प्रयत्न केला, तेव्हा ऑर त्या भागाच्या हद्दीवरच्या निळ्या रेषेवर होता. बचावपटूने इथे मागे सरायचं असतं, कारण पक निसटला तर मागे कुणी नसतं. ऑर पुढे गेला. पक अडवला, जाळीच्या कडेला असलेल्या डेरेक सँडरसनकडे दिला आणि स्वतः न थांबता थेट गोलाकडे धावला. सँडरसनने पक परत दिला. गोलरक्षक ग्लेन हॉल आडवा सरकत असताना त्याच्या दोन पायांमधून पक आत गेला. त्याच क्षणी नोएल पिकार्डची काठी ऑरच्या स्केटमध्ये अडकली आणि तो हवेत उचलला गेला: दोन्ही हात पुढे, तोंड उघडं, शरीर बर्फाला समांतर. जादा वेळेची फक्त ४० सेकंदं झाली होती. बॉस्टनला २९ वर्षांनी स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, मिळाला. बॉस्टनच्या वृत्तपत्राचे छायाचित्रकार रे लुसिए यांनी टिपलेलं ते छायाचित्र हॉकीतलं सर्वांत प्रसिद्ध चित्र ठरलं, आणि २०१० मध्ये त्याच पवित्र्यातला ऑरचा पुतळा बॉस्टनच्या नव्या मैदानाबाहेर उभा राहिला.

१९७२ मध्ये ब्रुइन्स पुन्हा जिंकले. दोन्ही वेळा अंतिम टप्प्यातला सर्वोत्तम खेळाडू ऑरच होता. मधल्या काळात, १९७१ मध्ये, ईगलसनने त्याच्यासाठी पाच वर्षांचा, वर्षाला २ लाख डॉलरचा करार घडवून आणला. ऑरच्या नावावर ईगलसनचंही नाव झालं. नवे खेळाडू त्याच्या दारात रांग लावू लागले.

गुडघा मात्र पहिल्या वर्षापासून कुरकुरत होता. आज गुडघ्यातली गादी फाटली तर दुर्बिणीतून शक्यतो ती शिवतात, अस्थिबंध नव्याने बसवतात. १९६० च्या दशकात गुडघा उघडायचे आणि फाटलेली गादी काढून टाकायचे. गादी नसलेल्या सांध्यात हाडावर हाड घासतं. ऑर ज्या तऱ्हेने खेळायचा, भरधाव जाऊन एका पायावर गर्रकन वळायचा, त्यात तो सांधा दर मोसमाला झिजत गेला. डाव्या गुडघ्यावर डझनाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. १९७२ मध्ये कॅनडा आणि सोव्हिएत संघाची ती ऐतिहासिक मालिका झाली तेव्हा ऑर संघाबरोबर होता, पण एकही सामना खेळू शकला नाही. १९७५-७६ च्या मोसमात तो फक्त १० सामने खेळला. आणि त्याच मोसमाच्या अखेरीला बॉस्टनचा करार संपत होता.

१९७६ चा उन्हाळा

ब्रुइन्सचे मालक आता जेरेमी जेकब्स होते. त्यांनी ऑरला ठेवून घेण्यासाठी जो प्रस्ताव दिला, तो या प्रकरणाचा गाभा आहे. पाच वर्षं, वर्षाला २ लाख ९५ हजार डॉलर. शिवाय १९८० मध्ये एक तर ९ लाख २५ हजार डॉलर रोख, नाहीतर ब्रुइन्स क्लबची साडेअठरा टक्के मालकी. यांतलं काय घ्यायचं ते ऑरने ठरवायचं.

दुसरीकडे शिकागो ब्लॅक हॉक्स होते. त्यांचा करारही पाच वर्षांचा, वर्षाला ५ लाख डॉलरचा, असं तेव्हाच्या बातम्यांत आहे.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. बॉस्टनचे पाच पगार मिळून १४ लाख ७५ हजार होतात. त्यात ९ लाख २५ हजार मिळवले की बरोबर २४ लाख. शिकागोचे २५ लाख. रोख रकमेत दोन्ही प्रस्ताव जवळपास सारखेच. फरक एका जागी आहे: बॉस्टनच्या कागदावर रोख पैशांऐवजी मालकी निवडायची मुभा होती. ९ लाख २५ हजार म्हणजे साडेअठरा टक्के धरले, तर क्लबची किंमत ५० लाख डॉलर गृहीत धरलेली दिसते. आज त्या क्लबची किंमत अब्ज डॉलरच्या वर लावली जाते. ऑरने तो हिस्सा आजवर राखला असता की नाही, कुणी सांगावं. पण एवढं नक्की, की ज्याचा गुडघा संपत आलेला आहे, त्याच्यासाठी न खेळताही टिकणारी मालकी ही पगाराहून फार वेगळी गोष्ट होती. माझ्या मते त्या उन्हाळ्यात ऑरच्या समोर ठेवायला हवा असा तो एकमेव कागद होता.

ऑरने पुढे कायम सांगितलं की हा प्रस्ताव त्याला कुणी सांगितलाच नाही. शिकागो तुला जास्त देत आहे, बॉस्टनला आता तुझी कदर नाही, एवढंच त्याच्यापर्यंत पोहोचलं. आपण सांगितलं होतं, असं ईगलसनचं म्हणणं राहिलं. जून १९७६ मध्ये ऑरने शिकागोच्या करारावर सही केली. ज्या शहराने त्याला चौदाव्या वर्षापासून आपलं मानलं होतं, ते शहर त्याने जड मनाने सोडलं. आपल्याला तिथे नकोसं केलं गेलं, अशा समजुतीत त्याने पुढची अनेक वर्षं काढली.

शिकागोच का? हॉक्सचे मालक बिल विर्ट्झ हे लीगच्या मालक मंडळाचेही अध्यक्ष होते. खेळाडूंच्या संघटनेने मालकांशी करार करायचा, तेव्हा टेबलाच्या पलीकडे विर्ट्झ आणि अलीकडे ईगलसन. दोघांची मैत्री जगजाहीर होती. म्हणजे संघटनेचा प्रमुख म्हणून ज्या माणसाशी भांडायचं, त्याच माणसाला एजंट म्हणून आपला सर्वांत मोठा खेळाडू मिळवून द्यायचा. तिसरी टोपीही त्याच्याच डोक्यावर होती: कॅनडाचे आंतरराष्ट्रीय सामने तोच भरवायचा. सप्टेंबर १९७६ मधली पहिली कॅनडा कप स्पर्धा त्याचीच.

ऑर त्या स्पर्धेत खेळला. १९७२ ची रुखरुख होती, देशाच्या जर्सीत एकदा तरी उतरायचं होतं. गुडघा असा, की सरावाला तो फारसा उतरत नसे आणि सामन्यानंतर त्याला चालणं जड जायचं. तरी सात सामन्यांत नऊ गुण मिळवून तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. ज्यांनी ती स्पर्धा पाहिली त्यांना ऑरचं शेवटचं खरं दर्शन तिथे झालं. ती खेळून आपण गुडघा संपवला याचा पस्तावा नाही, असं त्याने पुढे सांगितलं. त्याच्या त्या निर्णयाबद्दल माझ्या मनात आदरच आहे, कारण तो निर्णय त्याने सगळं माहीत असताना, स्वतः घेतला होता. त्या वर्षी घेतलेल्या दुसऱ्या निर्णयाबद्दल तसं म्हणता येत नाही.

शिकागोत तो तीन मोसमांत मिळून २६ सामने खेळला. पहिल्या मोसमात २०, दुसऱ्यात एकही नाही, तिसऱ्यात सहा. जो खेळत नाही त्याने पगार घ्यायचा नाही, असं म्हणून तिथले पगाराचे चेक त्याने वटवले नाहीत, असं सांगतात. नोव्हेंबर १९७८ मध्ये तो निवृत्त झाला. वय तीस. ६५७ सामने, २७० गोल, ९१५ गुण.

९ जानेवारी १९७९ रोजी बॉस्टनने त्याचा चार नंबर कायमचा निवृत्त केला. सोव्हिएत संघाच्या एका क्लबबरोबर त्या रात्री मैत्रीचा सामना होता. ऑरचं नाव पुकारलं आणि टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. मिनिटं गेली, समारंभ पुढे सरकेना. अंगात सूट घातलेला ऑर माइकसमोर उभा होता. लोकांना त्याला ब्रुइन्सच्या जर्सीत बघायचं होतं. अखेर जर्सी आणली, त्याने ती सुटावरच चढवली, आणि गार्डन पुन्हा दणाणलं. सामना त्यामुळे बराच उशिरा सुरू झाला. हा क्लब आपल्याला ठेवायलाच तयार नव्हता, असं त्या वेळी तरी त्याला वाटत होतं.

कुणी सांगितलं का नाही

या प्रकरणात हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ब्रुइन्सच्या कचेरीत प्रस्ताव माहीत होता. पण क्लबने बोलायचं ते एजंटशी, खेळाडूला परस्पर गाठायचं नाही, ही रीत होती. मुळात ती खेळाडूच्या संरक्षणासाठी होती, कारण घरी गाठून पोरवयाच्या मुलाकडून सही घेणारे लोक होते. एजंट प्रामाणिक असेल तर ती रीत भिंतीसारखी उपयोगी पडते. नसेल, तर त्याच भिंतीआड खेळाडू कोंडला जातो. आणि कुणी ईगलसनबद्दल वावगं बोललंच, तर ऑर ते ऐकून घेत नसे.

दुसरं म्हणजे, आकडे बोलायची पद्धतच नव्हती. शेजारी बसून बूट बांधणाऱ्याला किती मिळतं हे खेळाडूला ठाऊक नसायचं. एनएचएलच्या खेळाडूंनी आपापले पगार एकमेकांना उघड केले ते १९९० मध्ये. संघटना स्थापन होऊन तेव्हा २३ वर्षं झाली होती. ज्या संघटनेचं पहिलं काम हे असायला हवं होतं, तिच्या प्रमुखाकडे मात्र एजंट या नात्याने डझनावारी खेळाडूंचे आकडे होते. कुंपणानेच शेत खाल्लं ही म्हण इथे अगदी शब्दशः लागू पडते.

१९८० मध्ये ऑर ईगलसनपासून वेगळा झाला, तेव्हा सुरुवातीला सांगितलेला हिशेब समोर आला. त्याने गाजावाजा केला नाही. कर फेडले, जाहिरातींची आणि कंपन्यांच्या प्रसिद्धीची कामं धरली, बॉस्टनजवळ संसार उभा केला. दहा वर्षं तो या विषयावर जवळजवळ गप्प होता. मला वाटतं त्यात लाज असावी. फसवल्या गेलेल्या माणसाला नेहमी आपलीच लाज वाटते, फसवणाऱ्याला वाटत नाही.

लॉरेन्सचा वार्ताहर

१९८९ मध्ये काही एजंट आणि अमेरिकन फुटबॉल खेळाडूंच्या संघटनेचे माजी प्रमुख एड गार्वी यांनी ईगलसनच्या कारभारावर एक अहवाल खेळाडूंसमोर ठेवला. ईगलसन त्यातून तरला. मग रस कॉनवे पुढे आले. मॅसेच्युसेट्समधल्या लॉरेन्स गावच्या 'ईगल-ट्रिब्यून' या दैनिकाचे ते क्रीडा संपादक. ऑरच्या काळापासून ब्रुइन्सचं वार्तांकन करणारे. मोठ्या शहरांतल्या मोठ्या पत्रांना जे सुचलं नाही, ते त्यांनी केलं: जुने खेळाडू एकेक करून गाठले, त्यांचे कागद मागितले आणि आकडे जुळवत बसले. सप्टेंबर १९९१ पासून त्यांची लेखमाला आली.

त्यात फक्त ऑर नव्हता. माइक गिलिस नावाच्या खेळाडूचा पाय मोडून कारकीर्द संपली, तेव्हा त्याच्या विम्याचे पैसे मिळवून देण्यासाठी ईगलसनने त्याच्याकडून ४१ हजार २५० डॉलर घेतले. विमा कंपनी पैसे देणार हे आधीच ठरलेलं असताना. गिलिसने टोरंटोत दावा लावला आणि १९९७ मध्ये जिंकला. कॅनडा कपच्या वेळी रिंगणाच्या फळ्यांवर लागणाऱ्या जाहिरातींचे पैसेही परस्पर वळवले गेले होते. ज्या फळ्यांना घासत ऑरने आपल्या गुडघ्याचं उरलंसुरलं दिलं, त्याच प्रकारच्या फळ्या.

१९९४ मध्ये बॉस्टनच्या फेडरल न्यायालयात ईगलसनवर तीसहून अधिक आरोप ठेवले गेले. तो कॅनडातच राहिला, त्यामुळे खटला लांबला. जानेवारी १९९८ मध्ये त्याने बॉस्टनमध्ये टपालाद्वारे फसवणुकीच्या तीन आरोपांची कबुली दिली आणि १० लाख कॅनेडियन डॉलर भरायचं मान्य केलं. त्यानंतर टोरंटोत कबुली, १८ महिन्यांची शिक्षा. त्यातले साधारण सहा महिने त्याने तुरुंगात काढले. वकिलीची सनद गेली. ऑर्डर ऑफ कॅनडा हा नागरी सन्मान काढून घेतला गेला.

साडेअठरा टक्क्यांबद्दल त्याला कुठेही शिक्षा झाली नाही. माहिती न देणं सिद्ध करणं अवघड असतं. खोटी सही असेल तर ती दाखवता येते, न दाखवलेला कागद कसा दाखवणार? व्यावसायिक खेळाडूचं सर्वांत मोठं नुकसान बहुतेकदा अशाच जागी होतं, कायद्याच्या कक्षेबाहेर, दोन माणसांमधल्या न झालेल्या एका बोलण्यात.

पुढे संघटनेने एजंटांना नोंदणी आणि नियम लावले. संघटनेचा प्रमुख आणि खेळाडूंचा खासगी एजंट एकच, हे आता होऊ शकत नाही. आणि ऑर स्वतः एजंट झाला. १९९० च्या दशकात त्याने हा व्यवसाय धरला आणि पुढे ऑर हॉकी ग्रुप ही त्याची संस्था लीगमधल्या मोठ्या संस्थांपैकी एक बनली. कॉनर मॅकडेव्हिड हा हॉकीपटू पंधरा-सोळा वर्षांचा असल्यापासून या संस्थेकडे होता. २०१७ मध्ये, विशीत असतानाच, त्याने एडमंटनच्या क्लबबरोबर आठ वर्षांचा, १० कोटी डॉलरचा करार केला. मुलाचे आई-वडील त्या संस्थेत पहिल्यांदा यायचे, तेव्हा समोर बसलेला माणूस कधीकाळी घराच्या गिलाव्यावर विकला गेलेला मुलगा आहे, हे त्यांतल्या कितीजणांना ठाऊक असायचं?

१९९८ च्या वसंतातली एक गोष्ट राहिली. हॉकी हॉल ऑफ फेममध्ये ऑरला १९७९ मध्येच, नेहमीची तीन वर्षांची अट बाजूला ठेवून घेतलं होतं. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. खेळाच्या उभारणीसाठी म्हणून ईगलसनलाही १९८९ मध्ये तिथे स्थान मिळालं होतं. कबुलीनंतर डझनाहून अधिक सदस्यांनी कळवलं की हा माणूस इथे राहणार असेल तर आमची नावं काढून टाका. ब्रॅड पार्क, गॉर्डी हाऊ, बॉबी हल यांच्याबरोबर त्यात ऑरही होता. मतदान होण्याआधी ईगलसनने राजीनामा दिला. हॉल टोरंटोत फ्रंट आणि यंग रस्त्यांच्या कोपऱ्यावर आहे, बँक ऑफ मॉन्ट्रियलच्या जुन्या इमारतीत. रंगीत काचेच्या घुमटाखाली सन्मानितांच्या पाट्या ओळीने लावलेल्या आहेत. ऑरची पाटी तिथे आहे.